प्रुसिकच्या लूपसाठी डबल फिशरमन: एकदाच मारायची निरगाठ

मराठीत गाठींचे दोन वर्ग पूर्वापार चालत आले आहेत. मोकळे टोक ओढले की सुटते ती सुरगाठ, आणि जितका ताण पडेल तितकी आवळत जाते ती निरगाठ. लेंग्याची नाडी सुरगाठीने बांधावी, कारण ती रोज सोडायची असते. पोत्याचे तोंड निरगाठीने बांधावे, कारण ते वाटेत सुटून चालत नाही. सह्याद्रीत दोराच्या आधाराने चढणाऱ्या-उतरणाऱ्या माणसाला दोन्ही प्रकारच्या गाठी यायला हव्यात. नवशिक्यांना शिकवताना मात्र मला वारंवार असे दिसले आहे की, सोडायच्या गाठी ते लवकर आत्मसात करतात, कारण त्यांचा सराव दर वेळी आपोआप होतो. कायमची गाठ एकदाच मारायची असल्यामुळे ती कोणाकडून तरी मारून घेतली जाते आणि पुढे तिच्याकडे कोणी नीट पाहतही नाही. पुढची काही वर्षे प्रत्येक उताराला आपले वजन जिच्यावर येणार आहे ती गाठ स्वतःला मारता आली पाहिजे, आणि दुसऱ्याने मारलेली असेल तर ती बरोबर आहे की नाही हे ओळखता आले पाहिजे, एवढ्याच हेतूने हा लेख लिहिला आहे.

येथे एकच गाठ शिकायची आहे, तिचे नाव डबल फिशरमन, आणि तीही एकाच कामासाठी: बारीक कॉर्डची दोन टोके कायमची जोडून प्रुसिकचा लूप तयार करण्यासाठी. प्रुसिक ही ऑस्ट्रियाचे गिर्यारोहक कार्ल प्रुसिक यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केलेली घर्षणाची गाठ आहे. मुख्य रोपभोवती, म्हणजे चढण्या-उतरण्याच्या जाड दोराभोवती, बारीक कॉर्डच्या लूपचे वेढे घेतले की ताण नसताना ते वेढे हाताने वर-खाली सरकवता येतात, आणि ताण येताच ते रोपला घट्ट धरून बसतात. लोणावळ्याजवळच्या नागफणीवरून रॅपलिंग करताना, म्हणजे दोरावरून कडा उतरताना, किंवा सांधण दरीतील टप्पे उतरताना डिसेंडरखालचा (उतरण्याचा वेग आवरणाऱ्या साधनाखालचा) हात चुकून सुटला, तरी असा लूप लावलेला माणूस जागीच थांबतो. प्रुसिक आणि डबल फिशरमन या दोन गाठींची गल्लत करू नये. प्रुसिक दर वेळी रोपवर बांधायची आणि काम झाले की सोडायची असते. डबल फिशरमन त्या लूपमध्ये कायमची राहते. प्रुसिकचे वेढे कमी पडले तर ती सरकते आणि ते लगेच लक्षात येते. लूपची सांधणी मात्र सुटली तर सावरायला दुसरे काहीच हातात उरत नाही.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. गाठीचा सराव घरी टेबलावर बसून करता येतो आणि तो तसाच करावा, पण स्वतः मारलेल्या गाठीवर कड्यावरून उतरण्यापूर्वी ती एखाद्या अनुभवी प्रशिक्षकाला दाखवून घ्यावी. लेख वाचून गाठीचा आकार समजतो. आपल्या हातून तो दर वेळी तसाच उतरतो आहे का, हे दुसऱ्याच्या डोळ्यांनीच कळते.

हीच गाठ का, हे समजले की ती विसरली जात नाही. दोन टोके जोडायची म्हटले की बहुतेकांचे हात आपोआप रीफ नॉटकडे, म्हणजे एकावर एक उलट-सुलट मारलेल्या दोन साध्या गाठींकडे, वळतात. रीफ नॉट पट्टी बांधायला किंवा गाठोडे आवळायला उत्तम आहे, परंतु दोन टोके जोडून त्यांवर माणसाचे वजन टाकण्यासाठी ती कधीही वापरू नये, कारण एका बाजूचे टोक ओढले गेले तर ती उलटते आणि सरळ सरकून मोकळी होते. डबल फिशरमनची रचना वेगळ्या तत्त्वावर आहे. तिच्यात डावीकडून आलेले टोक उजवीकडच्या कॉर्डभोवती दुहेरी वेढ्यांची गाठ मारते, उजवीकडून आलेले टोक डावीकडच्या कॉर्डभोवती तशीच गाठ मारते, आणि ताण आला की या दोन गाठी एकमेकींकडे ओढल्या जाऊन एकमेकींना भिडतात. ताण वाढेल तशी प्रत्येक गाठ आपल्या पोटातून जाणाऱ्या दुसऱ्या कॉर्डला अधिक आवळते. सोडवण्याची शक्ती आणि आवळण्याची शक्ती येथे एकच असते; म्हणूनच ही खरी निरगाठ आहे. एकेरी वेढ्याची साधी फिशरमनही याच तत्त्वावर चालते, पण गुळगुळीत नायलॉनमध्ये तिच्यावर विसंबता येत नाही. दुसऱ्या वेढ्यामुळे घर्षण पुष्कळ वाढते आणि टोक मागे सरकण्याचा धोका फार कमी होतो.

आता कॉर्डविषयी. लूपसाठी ६ मिमी जाडीची, गिर्यारोहणासाठी बनवलेली नायलॉनची कॉर्ड घ्यावी. आतला गाभा आणि त्यावर विणलेले आवरण अशी तिची रचना असते, आणि ताण मुख्यतः आतल्या गाभ्यावर पडत असतो. अशा कॉर्डसाठी ईएन ५६४ हे युरोपीय मानक आहे. त्यानुसार ६ मिमी कॉर्डने किमान ७.२ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे ७३० किलो वजनाइतका ताण सहन करावा लागतो. ५ मिमी कॉर्डसाठी हाच आकडा ५ किलोन्यूटन आहे. कोणत्याही गाठीत कॉर्ड तीव्र वळण घेत असल्यामुळे त्या जागी तिची ताकद लक्षणीय कमी होते, परंतु लूपमध्ये भार दोन पदरांवर विभागला जात असल्यामुळे चांगल्या कॉर्डच्या लूपला पुरेशी ताकद उरते. ६ मिमीपेक्षा जाड कॉर्ड घेतली तर अधिक सुरक्षित, हा समज येथे चुकीचा ठरतो. प्रुसिकची पकड मुख्य रोप जाड आणि लूपची कॉर्ड बारीक असण्यावर अवलंबून असते. १० ते ११ मिमी रोपवर ६ मिमीची कॉर्ड चांगली धरते. ८ मिमीची कॉर्ड त्याच रोपवर नीट चावत नाही.

कपडे वाळत घालायची दोरी, ट्रकवर ताडपत्री बांधायची दोरी किंवा बाजारात वजनावर मिळणारी पिवळी-निळी प्लास्टिकची दोरी या कामाला चालत नाही, मग ती हाताला कितीही मजबूत लागो. तिची ताकद कोणी तपासलेली नसते आणि प्लास्टिकच्या दोरीचा वितळबिंदूही नायलॉनच्या मानाने बराच खाली असतो. डायनिमा नावाचा तंतू वजनाला हलका आणि अतिशय मजबूत असतो. पण तो विलक्षण गुळगुळीत असल्यामुळे दुहेरी वेढ्यांची गाठ त्यात सरकू शकते, आणि तो सुमारे १५० अंश सेल्सिअसच्या आतच वितळतो. नवशिक्याने पहिल्या लूपसाठी त्याच्या वाटेला जाऊ नये. खरेदी करताना कॉर्ड दोन बोटांत धरून वाकवून पाहावी. जी सहज वाकते आणि घडीत मोठी पोकळी ठेवत नाही ती गाठीत आणि रोपवर दोन्हीकडे नीट बसते; तारेसारखी ताठ कॉर्ड घेऊ नये.

लांबी दीड मीटर पुरते. दोन्ही गाठी आणि मोकळी टोके वजा जाता त्यातून साधारण अर्धा मीटर लांबीचा, म्हणजे ताणून धरल्यावर टोकापासून टोकापर्यंत हातभर भरेल असा लूप मिळतो. रॅपलिंगच्या बॅकअपसाठी, म्हणजे हात सुटला तर थांबवणारा आधार म्हणून, तो लांब वाटला तर पुढच्या वेळी २०-३० सेंटिमीटर कमी कॉर्ड घ्यावी, पण पहिली गाठ मारताना कॉर्ड तोकडी पडण्यापेक्षा थोडी जास्त असलेली बरी. जिथे कापायचे तिथे आधी चिकटपट्टीचे दोन वेढे घ्यावेत, धारदार पात्याने मधोमध कापावे आणि मग लायटरच्या ज्योतीवर टोक एवढेच वितळवावे की आवरण आणि गाभा एकमेकांना चिकटतील. वितळलेले नायलॉन कातडीला चिकटते आणि खोल भाजते, म्हणून टोक बोटांनी कधीही दाबू नये. चमच्याच्या पाठीने किंवा लोखंडी पट्टीने दाबावे. टोकावर टणक बोंड राहिले तर ते गाठीतून ओढताना आवरणाला ओरखडते, तेव्हा ते सपाट आणि गुळगुळीत झाले आहे याची खात्री करून घ्यावी. हे सर्व गाठ मारण्यापूर्वीच करायचे आहे. मारलेल्या गाठीजवळ ज्योत नेऊ नये.

खऱ्या कॉर्डला हात लावण्यापूर्वी सराव दोन रंगांच्या, शक्यतो ८ ते १० मिमी जाडीच्या दोरांवर करावा. एकाच रंगाच्या बारीक कॉर्डमध्ये कोणते टोक कुठून आले हे नजरेला कळत नाही आणि चूक झाली तरी ती का झाली हे उमगत नाही. पुढील वर्णनात डावीकडून येणारी दोरी तांबडी आणि उजवीकडून येणारी निळी आहे असे मी धरले आहे.

पहिली पायरी मांडणीची. दोन्ही दोऱ्या टेबलावर समांतर ठेवा. तांबडी डावीकडून येते आणि तिचे टोक उजवीकडे पाहते. निळी उजवीकडून येते आणि तिचे टोक डावीकडे पाहते. दोन्ही दोऱ्या मध्ये सुमारे दीड वीत एकमेकींच्या शेजारून गेल्या पाहिजेत. लूप बनवताना तांबडी आणि निळी म्हणजे एकाच कॉर्डचे दोन शेवट असतात, म्हणून मांडतानाच कॉर्डवरून एकदा बोटे फिरवून तिच्यातला पीळ काढून टाका. पीळ तसाच राहिला तर तयार लूप सपाट पडत नाही आणि रोपवर वेढे घेताना सतत त्रास देतो.

दुसरी पायरी तांबड्या गाठीची. तांबड्या दोरीचे टोक वीतभर मोकळे ठेवून तिथून ती डावीकडे परत वळवा. डावा अंगठा दोन्ही दोऱ्यांवर त्यांच्याच दिशेने ठेवा, अंगठ्याचे टोक उजवीकडे. आता तांबडे टोक अंगठा आणि दोन्ही दोऱ्या यांच्याभोवती वरून पलीकडे, खालून अलीकडे असे पूर्ण फिरवा. हा पहिला वेढा झाला. दुसरा वेढा तसाच, पहिल्याच्या डाव्या अंगाला, त्याला चिकटून घ्या. पहिल्यावर चढू देऊ नका. वेढे डावीकडे, म्हणजे मांडणीच्या मध्याकडे सरकत येतात हे ध्यानात ठेवा. मग अंगठा हलकेच डावीकडे बाहेर काढा आणि त्याने राखलेल्या बोगद्यात डावीकडूनच तांबडे टोक घालून ते दोन्ही वेढ्यांखालून उजवीकडे बाहेर काढा. ज्या दिशेला ते सुरुवातीला पाहत होते त्याच दिशेला ते आता पुन्हा पाहू लागले पाहिजे. टोक आणि मूळ दोरी आलटून-पालटून थोडी थोडी ओढून गाठ नीट बसवा, पण अजून करकचून आवळू नका. गाठीच्या एका अंगाला दोन समांतर वेढे दिसतील, आणि पालथी करून पाहिल्यास दुसऱ्या अंगाला एक फुली दिसेल. ही फुली नीट पाहून ठेवा, तिचा पुढे उपयोग आहे.

तिसऱ्या पायरीला सर्वांत जास्त चुका होतात, म्हणून येथे थोडे थांबून सांगतो. निळी गाठ तांबडीसारखीच मारायची आहे, पण बहुतेक नवशिके दोरी आहे तशीच ठेवून उजव्या बाजूने उलट्या हाताने वेढे घेऊ लागतात आणि त्यामुळे दुसरी गाठ पहिलीचे आरशातले प्रतिबिंब होते. आरशातली गाठ पहिलीच्या कुशीत बसत नाही. उपाय सोपा आहे: हात बदलू नका, काम फिरवा. टेबलावरची सगळी मांडणी घड्याळाच्या काट्यासारखी अर्धे वर्तुळ फिरवून घ्या, म्हणजे निळी दोरी आता डावीकडून येईल आणि तिचे टोक उजवीकडे पाहील. त्यानंतर दुसऱ्या पायरीत जे केले ते शब्दशः तसेच पुन्हा करा: तोच डावा अंगठा, वरून पलीकडे आणि खालून अलीकडे तेच दोन वेढे, मध्याकडे सरकत, आणि टोक डावीकडून बोगद्यात शिरून उजवीकडे बाहेर. वेढ्यांच्या आत निळी आणि तांबडी अशा दोन्ही दोऱ्या आल्या आहेत ना, हे पाहून घ्या. घाईत अनेकदा निळे टोक फक्त स्वतःभोवतीच गुंडाळले जाते. तशी गाठ दिसायला जवळजवळ बरोबर दिसते, पण ती कशालाच धरत नाही.

चौथी पायरी दोन्ही गाठी एकत्र आणण्याची. मोकळी टोके सोडून द्या आणि दोन्ही बाजूंच्या मूळ दोऱ्या हळूहळू विरुद्ध दिशांना ओढा. दोन्ही गाठी सरकत एकमेकींना भिडतील. बरोबर मारलेल्या गाठी भिडताना एकमेकींत जणू रुततात आणि मध्ये फट उरत नाही. एका अंगाला चार वेढे ओळीने समांतर दिसतात, दोन तांबडे आणि दोन निळे. दुसऱ्या अंगाला दोन फुल्या शेजारी-शेजारी दिसतात. मोकळी टोके दोन विरुद्ध बाजूंना, मूळ दोरीला लागून बाहेर पडतात. चार वेढे आणि दोन फुल्या ही खूण मनात पक्की करा, कारण अंधारात विजेरीच्या उजेडात किंवा पावसात भिजलेल्या हातांनी गाठ तपासायची वेळ आली की एवढेच पाहायचे असते.

खूण जुळली नाही तर गाठ चुकली आहे, आणि चूक कोणती हे तिच्या आकारावरून कळते. एक फुली पुढे आणि एक मागे दिसत असेल, मध्ये फट असेल, तर दुसरी गाठ उलट्या हाताची झाली आहे. चारऐवजी तीनच वेढे दिसत असतील तर एका बाजूला एक वेढा राहून गेला आहे. एखादे मोकळे टोक बाहेरच्या बाजूला न पडता दोन गाठींच्या मध्ये येत असेल तर ते बोगद्यात चुकीच्या बाजूने शिरले आहे, आणि असे टोक मध्ये पाचरीसारखे बसून गाठींना भिडू देत नाही. वेढा वेढ्यावर चढला असेल तर गाठ बेढब आणि गोल दिसते. यांपैकी काही चुका असूनही गाठ कदाचित वजन धरेल, परंतु उलट्या हाताची गाठ ‘चालते’ म्हणून ठेवून दिली की तपासणीचा आधारच निघून जातो. जी गाठ प्रमाण आकारासारखी दिसत नाही ती सुरक्षित आहे की नाही हे दुसऱ्या कोणाला पाहून ठरवता येत नाही. तेव्हा ती सोडा आणि पुन्हा मारा. सरावाच्या दोरावर सलग दहा वेळा न चुकता खूण जुळली, की मगच ६ मिमी कॉर्ड हातात घ्यावी असे मी शिकणाऱ्यांना सांगतो.

खऱ्या कॉर्डवर गाठ मारताना मोकळी टोके सुरुवातीला १० सेंटिमीटरच्या आसपास ठेवावीत, कारण गाठ आवळताना त्यांतला काही भाग आत ओढला जातो. पूर्ण आवळल्यानंतर प्रत्येक टोक किमान चार बोटे, म्हणजे ७ ते ८ सेंटिमीटर उरले पाहिजे. नुसत्या हातांनी ओढून ही गाठ पुरेशी आवळत नाही, आणि न आवळलेली निरगाठ ही धोक्याचीच असते, कारण पहिल्या काही वापरांत ती आपली जागा शोधत राहते आणि तेवढ्यात टोके सरकतात. लूप एका कॅरॅबिनरने (उघड-बंद होणाऱ्या धातूच्या कडीने) जमिनीलगतच्या एखाद्या भक्कम आधाराला अडकवा, दुसऱ्या टोकाला पाय देण्यासाठी टेपची, म्हणजे सपाट विणलेल्या पट्टीची, स्लिंग लावा, आणि जमिनीपासून फूटभरापेक्षा उंच न जाता तिच्यावर पूर्ण वजन टाकून उभे राहा. दोन-चार वेळा हलके झोके द्या. लूप थोडा फिरवून पुन्हा तेच करा, म्हणजे ताण दोन्ही पदरांवर सारखा येईल. मग चार वेढे, दोन फुल्या आणि चार बोटे पुन्हा तपासा. एखादे टोक आखूड झाले असेल तर ते ओढून लांब करण्याचा प्रयत्न करू नका. गाठ पूर्ण सोडून नव्याने मारा. या अवस्थेत ती अजून सुटते. तिचे वेढे अंगठ्याने मागे ढकलत, मोकळे टोक आत रेटत राहिले की ती सैल होते. काही मोहिमा झाल्यानंतर मात्र ती सोडवणे जवळजवळ अशक्य होते, आणि ते तसेच व्हायला हवे.

काही जण मोकळ्या टोकांवर आणि गाठीवर चिकटपट्टी गुंडाळतात, म्हणजे टोके फडफडत नाहीत आणि लूप नीटनेटका दिसतो. माझे मत याच्या विरुद्ध आहे. पट्टीखाली टोक सरकत आहे का हे दिसत नाही आणि ओल साचून राहते. गाठ नेहमी उघडी असावी.

तयार लूप पहिल्यांदा वापरताना तोही जमिनीलगतच वापरून पाहावा. मुख्य रोप उभा बांधून त्यावर लूपचे तीन वेढे घेऊन प्रुसिक बांधा आणि वेढे एकावर एक न चढता शेजारी-शेजारी बसवा. डबल फिशरमनची गाठ या वेढ्यांमध्ये येऊ देऊ नये, कारण तिच्या जाडीमुळे वेढे रोपला टेकत नाहीत आणि पकड कमी होते. ती थेट कॅरॅबिनरच्या वाकणावरही येऊ नये. लूपच्या एका पदरावर, वेढ्यांपासून जरा अंतरावर ती राहील असे बांधावे. वजन टाकले की प्रुसिकने जागच्या जागी धरले पाहिजे. सरकत असेल तर एक वेढा वाढवावा. वजन काढल्यावरही ती हलत नसेल तर वेढ्यांवरून आडवा जाणारा पदर अंगठ्याने पुढे ढकलावा, म्हणजे ती सैल होते. लूप रॅपलिंगचा बॅकअप म्हणून डिसेंडरखाली लावणार असाल तर ताणल्यावर तो डिसेंडरपर्यंत पोहोचत नाही ना, हे उंचावर जाण्यापूर्वी तपासलेच पाहिजे. पोहोचत असेल तर डिसेंडर प्रुसिकला खाली ढकलत राहतो आणि हात सुटला तरी ती पकडत नाही. असा लूप लांब आहे, तो या कामाला वापरू नये.

टेपच्या स्लिंगबद्दल अनेकदा विचारले जाते म्हणून एवढेच सांगतो की, डबल फिशरमन गोल कॉर्डसाठी आहे, सपाट टेपसाठी नाही. टेप जोडायला वॉटर नॉट वापरतात, पण तिची टोके वारंवार ताण-ढील झाल्यावर हळूहळू आत सरकतात. कारखान्यात शिवलेली स्लिंग सहज मिळत असताना नवशिक्याने टेप गाठीने जोडण्याचे कारण नाही.

आता तपासणी. दर मोहिमेपूर्वी लूप पिशवीतून बाहेर काढून आधी गाठीचा आकार पाहावा, मग मोकळी टोके बोटांनी मोजावीत, आणि शेवटी संपूर्ण कॉर्ड चिमटीतून सरकवत न्यावी. एखाद्या जागी कॉर्ड अचानक मऊ लागली, चपटी झाली किंवा घडी पडल्यासारखी दुमडली तर आतला गाभा दुखावलेला असू शकतो, आवरण बाहेरून कितीही चांगले दिसो. एखादा भाग चकचकीत आणि कडक झाला असेल तर तिथे घर्षणाच्या उष्णतेने नायलॉन वितळू लागले होते असे समजावे. ताण असलेली प्रुसिक रोपवरून वेगाने घसरली तर हे काही क्षणांत घडू शकते. नायलॉन २०० अंशांच्या पुढे वितळते, आणि दोरावर दोर घसरताना एकाच जागी तेवढी उष्णता सहज निर्माण होते.

सह्याद्रीचा पावसाळा लूपला बराच त्रास देतो. ओल्या नायलॉनची ताकद कोरड्यापेक्षा कमी असते, आणि त्याहून वाईट म्हणजे तांबड्या मातीचे बारीक कण आवरणातून आत जाऊन गाभ्याच्या तंतूंना आतून घासत राहतात. लूप कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवावा, स्वच्छ पाण्यातून काढावा आणि सावलीत टांगून वाळवावा. उन्हातले अतिनील किरण नायलॉनला कमकुवत करतात, म्हणून दोरीवर उन्हात टाकू नये. धुण्यासाठी गाठ सोडू नये. मात्र गाठीच्या पोटात ओल सर्वांत शेवटी वाळते, तेव्हा बाहेरून कोरडी वाटली तरी ती आणखी एक दिवस टांगलेलीच ठेवावी. गाडीच्या डिकीत किंवा जुन्या बॅटरीजवळ लूप कधीही ठेवू नये. बॅटरीतील आम्लाच्या नुसत्या वाफेनेही नायलॉनची ताकद निघून जाते आणि बाहेरून काहीच खूण दिसत नाही. अशा जागी लूप होता अशी शंका जरी आली, तरी तो वापरातून काढावा.

कायमची गाठ असली तरी कॉर्ड कायमची नसते. आवरण फाटून आतला पांढरा गाभा दिसू लागला, कुठे चकचकीत कडकपणा आला, किंवा लूपने एखादा मोठा झटका झेलला, तर त्याचे काम संपले. यांतले काहीही झाले नाही तरी बहुतेक उत्पादक न वापरलेल्या कापडी साधनांसाठीही दहा वर्षांची कमाल मर्यादा सांगतात, आणि नियमित वापरातला प्रुसिकचा लूप त्याच्या खूप आधी बदलावा लागतो. ६ मिमी कॉर्डच्या दीड मीटरची किंमत एका ट्रेकच्या प्रवासखर्चापेक्षाही कमी असते, त्यामुळे बदलताना मन घट्ट करण्याचे कारण नाही. कॉर्ड खरेदी केल्याची आणि गाठ मारल्याची तारीख कॉर्डवर न लिहिता वहीत लिहावी, कारण साध्या मार्करची शाई नायलॉनला काय करते हे प्रत्येक शाईबद्दल सांगता येत नाही.

काढून टाकलेला लूप आहे तसा कचऱ्यात किंवा संस्थेच्या सामानाच्या पेटीत ठेवू नये. दिसायला धडधाकट असल्यामुळे कोणीतरी तो उचलतो आणि पुन्हा वापरात आणतो. डबल फिशरमनच्या दोन्ही बाजूंना कात्री लावून तो कापावा. गाठीचा तुकडा हातात उरेल; तो आडवा कापून पाहावा, म्हणजे आत किती माती शिरली होती हे दिसेल आणि पुढचा लूप किती दिवसांनी बदलायचा याचा अंदाज येईल.